लग्न झालेले नाही, कोर्टाचा हुकूमही नाही : मुलीच्या खर्चाची जबाबदारी वडिलांवर आज आहे की नाही?

वारणाकाठ

सर्वांना नमस्कार. हा धागा काढावा की नाही, याचा विचार मी तीन आठवडे करत होते. प्रश्न माझा असला तरी तो माझ्या मुलीच्या हक्काचा आहे, म्हणून शेवटी लिहिते आहे.

आम्ही दोघे पुण्यात दोन वर्षे भाड्याच्या घरात एकत्र राहिलो. दोघेही सज्ञान आणि अविवाहित होतो. लग्न करायचे ठरले होते, पण झाले नाही. मुलगी आता दोन वर्षांची आहे. ती सहा महिन्यांची असताना मी तिला घेऊन सांगलीला आईकडे आले. त्यानंतर चौदा महिने तिचे वडील दर महिन्याच्या पाच-सहा तारखेला नऊ हजार रुपये माझ्या खात्यात पाठवत होते. गेल्या चार महिन्यांत एक रुपयाही आलेला नाही. विचारले तेव्हा उत्तर आले, ते असे : "आपले लग्न झालेले नाही आणि कोर्टाची ऑर्डरही नाही, त्यामुळे कायद्याने माझ्यावर काहीच लागू होत नाही. मी देत होतो तो माझा चांगुलपणा होता."

मी एका दुकानात हिशेबाचे काम करते. पाळणाघराचे साडेतीन हजार, दूध, औषधे आणि तिच्या दम्यासारख्या खोकल्यासाठी महिन्यातून एकदा होणारी डॉक्टरांची फेरी एवढे भागवताना माझा पगार संपतो. जन्मदाखल्यावर वडिलांचे नाव नाही. माझे प्रश्न तीन आहेत. हुकूम नसताना जबाबदारी असते का? असल्यास मागील चार महिन्यांचे काय? आणि दाखल्यावर नाव नसल्यामुळे माझी बाजू लंगडी पडते का?

जुना काळा कोट

ताई, मी तीस वर्षांहून अधिक काळ जिल्हा न्यायालयात आणि नंतर कौटुंबिक न्यायालयात वकिली केली, आता निवृत्त आहे. तुम्हाला मिळालेल्या उत्तरात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली आहे, ती आधी सोडवतो.

जबाबदारी कोर्टाच्या हुकमाने जन्माला येत नाही, ती मुलाबरोबर जन्माला येते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेले भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ या दोन्हींत 'औरस किंवा अनौरस' असे शब्द अपत्याबाबत स्पष्टपणे आहेत. अनौरस म्हणजे लग्नाबाहेर जन्मलेले. हा शब्द मला स्वतःला कधीच आवडला नाही, कारण ज्याचा काही दोष नाही त्याच्यावर तो शिक्का मारतो. परंतु कायद्याने तो इथे वापरला आहे तो मुलाला वगळण्यासाठी नव्हे, तर आत घेण्यासाठी, हे लक्षात घ्या. हे कलम सर्व धर्मांच्या लोकांना सारखेच लागू आहे. त्याशिवाय दोन्ही पालक हिंदू असतील तर हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ याचे कलम २० आहे. त्यात अनौरस अपत्याच्या पालनपोषणाचे बंधन बाप आणि आई या दोघांवरही घातलेले आहे. म्हणजे 'चांगुलपणा होता' हे म्हणणे टिकत नाही. ते जे देत होते ते देणेच होते.

आता दुसरी बाजू. हुकूम नसेल तर ते देणे सक्तीने वसूल करण्याचे साधन तुमच्या हातात नसते. पोलीस ठाण्यात जाऊन हे पैसे मिळत नाहीत, मालकाला पत्र लिहून पगारातून कापून घेता येत नाहीत. हुकूम लागतो तो वसुलीसाठी. एवढा फरक समजला की त्यांच्या वाक्यातला अर्धा भाग आपोआप गळून पडतो.

मागील चार महिन्यांबद्दल. कलम १४४ खाली पोटगी मिळते ती हुकमाच्या तारखेपासून किंवा न्यायालयाने तसे म्हटल्यास अर्जाच्या तारखेपासून. ४ नोव्हेंबर २०२० रोजी रजनेश विरुद्ध नेहा या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती अर्जाच्या तारखेपासूनच द्यावी, असे सांगितले. पण अर्जाच्या आधीचे महिने या कलमात येत नाहीत. त्यासाठी १९५६ च्या कायद्याखाली दिवाणी दावा करावा लागतो, आणि थकलेल्या निर्वाह खर्चाच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे. चार महिन्यांसाठी तो खटाटोप करायचा का, हे नंतर ठरवता येईल. आधी अर्ज करा. तुम्ही वाट पाहण्यात घालवलेला प्रत्येक महिना मुलीच्या हिशेबातून वजा होतो आहे.

जन्मदाखल्यावर नाव नसल्याने पोटगीचा हक्क जात नाही. पितृत्व इतर पुराव्यांनी सिद्ध करता येते. त्याबद्दल सविस्तर पुढे लिहितो, आधी तुमच्याकडे काय काय आहे ते सांगा.

गोदाकाठची आई

वारणाकाठताई, मी याच वाटेने गेले आहे, म्हणून एकच गोष्ट कळकळीने सांगते. मी दीड वर्ष थांबले. माझ्या मुलाचे वडील दर भेटीत 'पुढच्या महिन्यापासून नक्की' म्हणत, आणि कोर्टात गेले तर ते चिडतील व उरलेसुरले संबंधही तुटतील, असे मला वाटे. अखेर अर्ज केला, पोटगी मंजूर झाली, पण ती अर्जाच्या तारखेपासून. त्याआधीच्या अठरा महिन्यांत मी सोन्याच्या दोन बांगड्या मोडल्या होत्या, त्या परत आल्या नाहीत.

जे उपयोगी पडले ते सांगते. मी एक जाड पुठ्ठ्याची वही केली होती. डाव्या पानावर तारीख आणि खर्च, उजव्या पानावर पावती चिकटवलेली. एक चूक मात्र झाली. औषधाच्या दुकानात यंत्रातून निघणाऱ्या गुळगुळीत कागदाच्या पावत्या चार-पाच महिन्यांत पार पुसट होतात. वकिलांनी वही उघडली तेव्हा निम्म्या पावत्या कोऱ्या निघाल्या. त्यामुळे पावती हातात आली की त्याच दिवशी तिची झेरॉक्स काढून ठेवा. ज्यांतून पैसे आले ती बँकेची पाने शाखेतून शिक्का मारून घ्या, केवळ मोबाइलवरच्या चित्रांवर अवलंबून राहू नका.

वारणाकाठ

मनापासून आभार. माझ्याकडे आहे ते असे : चौदा महिन्यांचे खातेउतारे, पुण्याच्या घराचा दोघांच्या नावाचा भाडेकरार, 'चिऊला ताप आहे का अजून' असे विचारणारे त्यांचे बरेच संदेश आणि रुग्णालयाची फाइल. माझे सिझेरियन रात्री अचानक ठरले, तेव्हा संमतीपत्रावर त्यांनीच सही केली होती. 'रुग्णाशी नाते' या रकान्यात त्यांनी स्वतःच्या अक्षरात 'बाळाचे वडील' असे लिहिले आहे. आज तो कागद पाहिला तेव्हा लक्षात आले, कारण त्या रात्री मी काहीच वाचले नव्हते.

जुना काळा कोट

ताई, तो कागद जपून ठेवा, आणि रुग्णालयाकडून त्याची प्रमाणित प्रत आजच मागवा. वाद सुरू होण्यापूर्वी, कुणाच्या सांगण्यावरून नव्हे तर प्रसंगाने लिहिलेले ते दोन शब्द, नंतर घडवलेल्या दहा साक्षींपेक्षा वजनदार ठरतात.

धाकटा भाऊ

मी दुसऱ्या बाजूने विचारतो, आणि कृपया ते आडमुठेपणाने घेऊ नये. माझ्या थोरल्या भावावर असाच अर्ज झाला आहे. मूल त्याचे आहे की नाही याबद्दल त्याला खरोखर शंका आहे. डीएनए चाचणीला नकार देण्याचा हक्क त्याला आहे का? आणि मूल त्याचे निघालेच, पण आई त्याला भेटू देत नसेल, तरी पैसे द्यावे लागतील का?

जुना काळा कोट

प्रश्न रास्त आहे. गौतम कुंडू विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य (१९९३) या निकालापासून भूमिका अशी आहे की न्यायालय अशी चाचणी उठसूट सांगत नाही, त्यासाठी प्रथमदर्शनी सबळ कारण लागते. कुणाचे रक्त जबरदस्तीने काढले जात नाही. पण न्यायालयाने चाचणी सांगितल्यावर नकार दिला, तर त्यावरून त्या माणसाविरुद्ध निष्कर्ष काढता येतो, हे दीपन्विता रॉय विरुद्ध रोनोब्रोतो रॉय (२०१४) मध्ये स्पष्ट झाले. आणि शास्त्रीय अहवाल खरा आहे हे मान्य असताना लग्नात जन्मलेले मूल पतीचेच, या कायद्यातल्या गृहीतकाला चिकटून राहायचे नाही, हे त्याच वर्षी नंदलाल बडवाईक यांच्या प्रकरणात सांगितले गेले. तिथे मात्र अहवालाने पतीची सुटका केली होती. म्हणजे ही चाचणी दोन्ही बाजूंना कापते. तुमच्या भावाची शंका प्रामाणिक असेल तर त्याने स्वतःहून चाचणी मागावी. टाळाटाळ करणाऱ्यापेक्षा चाचणी मागणाऱ्याकडे न्यायालय वेगळ्या नजरेने पाहते.

एक अपवाद सांगितलाच पाहिजे. मुलाच्या जन्माच्या वेळी आईचे दुसऱ्या कुणाशी कायदेशीर लग्न टिकून असेल, तर कायदा त्या पतीलाच बाप मानतो. पूर्वीचे पुरावा कायद्याचे कलम ११२, आताचे भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ११६. ते गृहीतक मोडल्याखेरीज तिसऱ्या माणसाकडून पोटगी मिळत नाही. जानेवारी २०२५ मध्ये इव्हान रतिनम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच ठरवले. आई अविवाहित असेल तर हा अडथळा नसतो.

भेटीबद्दल : भेट आणि पैसा यांची एकमेकांशी अदलाबदल होत नाही. भेटू देत नाही म्हणून पैसे थांबवता येत नाहीत, आणि पैसे देत नाही म्हणून आईनेही भेट नाकारू नये. लग्नाबाहेर जन्मलेल्या हिंदू मुलाची नैसर्गिक पालक १९५६ च्या पालकत्व कायद्याच्या कलम ६ नुसार आधी आई असते, आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असेही म्हटले की पालकत्वाच्या अर्जासाठी तिने वडिलांना नोटीस देण्याची सक्ती करता येणार नाही. तरीही भेटीसाठी वेगळा अर्ज करण्याचा मार्ग वडिलांना खुला आहे. त्याने तो करावा. मुलाचे दूध थांबवून आईला नमवू नये.

लँकेशायरची मराठी

इथे इंग्लंडमध्ये मी लहान मुलांच्या शाळेत काम करते, त्यामुळे हे रोज पाहते. इथे अशा पालकांना बहुतेक वेळा न्यायालयात जावेच लागत नाही. चाइल्ड मेंटेनन्स सर्व्हिस नावाची सरकारी यंत्रणा आहे. लग्न झाले होते की नाही, हे ती पाहत नाही. देणाऱ्या पालकाचे आठवड्याचे ढोबळ उत्पन्न २०० ते ८०० पौंडांच्या दरम्यान असेल तर एका मुलासाठी १२ टक्के, दोघांसाठी १६ आणि तीन किंवा अधिक मुलांसाठी १९ टक्के, असे गणित ठरलेले आहे. मूल वर्षातून ५२ रात्री किंवा त्याहून अधिक त्याच्याकडे राहत असेल तर रक्कम कमी होते. पैसे चुकवले तर ती यंत्रणा कोर्टाच्या हुकमाशिवाय थेट पगारातून कापून घेऊ शकते. अर्थात हे इथे राहणाऱ्या कुटुंबांपुरते आहे, सांगलीतल्या आईला त्याचा उपयोग नाही. पण आकडा आधीच ठरलेला असल्याने 'तू किती मागतेस आणि मी किती देतो' या झटापटीतून आईची सुटका होते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे, आणि आपल्याकडेही अशी काही सोय असावी असे मला मनापासून वाटते.

जुना काळा कोट

आपल्याकडे ठरलेली टक्केवारी नाही. न्यायाधीश मुलाच्या गरजा, दोन्ही पालकांचे उत्पन्न आणि राहणीमान पाहतात. रजनेश निकालानंतर दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जे यांचे तपशीलवार प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. वारणाकाठताई, तुमचा पगारही त्यात येईल, तो लपवू नका. पद्मजा शर्मा प्रकरणात (२०००) आई-वडील दोघेही कमावते असल्याने मुलांचा खर्च दोघांनी उत्पन्नाच्या प्रमाणात उचलावा, असे ठरले होते. कमावत्या आईचा हक्क त्याने संपत नाही. हिशेब दोघांत वाटला जातो, एवढेच.

वारणाकाठ

दोन दिवसांत एक नवीन गोष्ट घडली आहे. त्यांचे काका मध्यस्थ म्हणून आईकडे आले होते. एकरकमी अडीच लाख रुपये देतो, पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर लिहून द्या की यापुढे मुलीच्या वतीने काहीही मागणार नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. आई म्हणते घेऊन टाक, कोर्टाची पायरी नको. मी आईचे मन ओळखते, तिला गावातल्या बोलण्याची भीती वाटते. पण मला सही करवत नाही.

जुना काळा कोट

सही करू नका. अडीच लाख भागिले उरलेली सोळा वर्षे, हा हिशेब तुम्हीच करा : महिन्याला जेमतेम तेराशे रुपये होतात. तुमच्या पाळणाघराचेच साडेतीन हजार आहेत.

कायद्याच्या दृष्टीने तो हक्क मुलीचा आहे. आईने 'पुढे काही मागणार नाही' असे लिहून दिले तरी त्याने मुलीची पोटगी बुडत नाही, कारण जे आपले नाही ते आपण सोडून देऊ शकत नाही. पण असा कागद झाला की पुढची दोन वर्षे त्या कागदावरच वाद चालतो, आणि तो वाद मुलीला परवडणारा नसतो.

समेटाला मात्र माझा विरोध नाही. चांगला समेट कसा असतो ते सांगतो. पहिल्याच कलमात वडिलांनी मुलीचे पितृत्व मान्य केलेले असावे, कारण पैशांपेक्षाही ती ओळ पुढे जास्त कामी येते. मग दरमहा रक्कम, कोणत्या तारखेस, कोणत्या खात्यात, दरवर्षी किती वाढ, शाळेची फी आणि दवाखान्याचा मोठा खर्च कसा वाटायचा, हे सारे. 'पूर्ण व अंतिम' हे शब्द कुठेही नकोत. आणि तो कागद नोटरीकडे नेऊन थांबू नका. नोटरी केलेला करार पुरावा असतो, हुकूम नसतो, म्हणजे तुम्ही आज जिथे आहात तिथेच राहाल. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात दाखलपूर्व प्रकरण म्हणून तो लोकअदालतीपुढे ठेवा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम २१ नुसार लोकअदालतीचा निवाडा हा दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामाच मानला जातो. निर्वाहाच्या हुकूमनाम्यासाठी पगाराचा फक्त एक तृतीयांश भाग जप्तीपासून सुरक्षित असतो, बाकीच्यावर जप्ती आणता येते. इतर कर्जांच्या तुलनेत हे खूप मोठे हत्यार आहे.

कोकणवाट

मी महिलांच्या प्रश्नांवर काम करते. दोन छोट्या गोष्टी. त्याच कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया आणि मुले यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. दूरध्वनी क्रमांक १५१०० आहे. आणि पोटगीच्या प्रकरणांत महाराष्ट्र शासनाने १९९४ पासून स्त्रियांना न्यायालयीन शुल्क माफ केलेले आहे, त्यामुळे 'कोर्टाचा खर्च कोण करणार' या भीतीने कुणी थांबू नये.

वारणाकाठ

एक अडचण राहिली. अर्ज पुण्यात करायचा की सांगलीत? मुलीला घेऊन दर तारखेला पुणे मला झेपणार नाही.

जुना काळा कोट

हा मुद्दा अनेकांच्या नजरेतून सुटतो, तुम्ही विचारलात हे बरे झाले. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४५ मध्ये पत्नी जिथे राहते तिथे अर्ज करता येतो, पण लग्नाबाहेरच्या मुलाच्या आईसाठी शब्द वेगळे आहेत : तो माणूस जिथे आहे किंवा राहतो, अथवा शेवटी मुलाच्या आईबरोबर जिथे राहिला. तुमच्या बाबतीत दोन्ही उत्तरे पुणे अशीच येतात.

म्हणून दुसरा दरवाजा पाहा. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण कायदा 'विवाहासारखे नाते' मान्य करतो. डी. वेलुसामी प्रकरणात (२०१०) त्याच्या कसोट्या दिल्या आहेत : दोघेही लग्नाच्या वयाचे, लग्न करण्यास कायद्याने मोकळे, स्वेच्छेने बराच काळ एकत्र राहिलेले आणि समाजात पती-पत्नीसारखे वावरलेले. तुमचा दोघांच्या नावाचा भाडेकरार इथे कामी येतो. हक्काचा पैसा रोखून धरणे हा त्या कायद्यात आर्थिक छळ आहे, कलम २० मध्ये मुलांच्या निर्वाहाची तरतूद आहे, आणि कलम २७ प्रमाणे पीडित स्त्री जिथे राहते तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. म्हणजे सांगलीत. त्याच अर्जात अंतरिम रक्कम मागा. तुमच्या स्वतःच्या निर्वाहाची मागणीही यात करता येते, कारण कलम १४४ मध्ये मुलीचा हक्क जितका निःसंशय आहे तितका, लग्न नसताना, तुमचा नाही.

पुढे हुकूम झाला आणि पैसे थकले, तर वसुलीची तारीख सांभाळा. कलम १४४ च्या हुकमाखालची थकबाकी देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. प्रत्येक थकलेल्या महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, आणि तुरुंगात जाऊन आल्याने देणे फिटत नाही, हे कुलदीप कौर प्रकरणात पूर्वीच ठरलेले आहे.

गोदाकाठची आई

आणि ताई, अर्जात मुलीच्या खोकल्याचा उल्लेख तपशिलाने करा. माझ्या मुलाच्या चष्म्याचा खर्च मी क्षुल्लक समजून लिहिला नव्हता. मग दर वर्षी तो मीच केला.

वारणाकाठ

काल विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जाऊन आले. तिथल्या बाईंनी फाइल शांतपणे पाहिली, संमतीपत्रावर बोट ठेवले आणि एवढेच म्हणाल्या की हे सर्वांत वर लावा. वकील नेमून मिळाल्या आहेत. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे सोमवारी बोलावले आहे आणि अर्ज याच आठवड्यात दाखल होईल. काकांना मी कळवले आहे की समेट करायचा असेल तर तो लोकअदालतीत, दरमहा रकमेचा आणि मुलीचे नाव घेऊन करू. त्यांचे उत्तर अजून आलेले नाही. आई आज सकाळी काही न बोलता वही घेऊन बसली आणि तिने मागील महिन्याच्या दुधाचा हिशेब तारखेवार लिहून दिला.